बिनवासाची गाडी

एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचं दार उघडलं की आतून जो गरम श्वास अंगावर येतो, त्याला मी अजूनही वचकून असते. ताबडतोब आत बसत नाही. चारही दारं सताड उघडते, हाताची घडी घालून बाहेर उभी राहते आणि गाडीला जरा मोकळं होऊ देते. ऑफिसच्या पार्किंगमधले रखवालदार काका पहिल्या उन्हाळ्यात धावत यायचे, "मॅडम, काही हरवलं का?" आता येत नाहीत. परवा त्यांनी शेजारच्या नव्या माणसाला हळू आवाजात माझी ओळख करून दिली, "त्यांचं रोजचंच आहे. गाडीला हवा खायला सोडतात."

यंदाही चैत्र लागला, शिरीष फुलला, आणि मी गाडीच्या पायपुसण्या घ्यायला दुकानात गेले. तिथली एक अख्खी भिंत वासांची होती. बाटल्या, डब्या, लटकणारी पुठ्ठ्याची झाडं, एसीच्या जाळीला चिमटा लावून बसवायच्या कांड्या. लाकडी बुचाच्या एका बाटलीवर हिरव्या पानाचं चित्र आणि त्याखाली 'नैसर्गिक' असं लिहिलेलं. मी मालकांना विचारलं, "यात नेमकं काय आहे हो?"

"वास आहे," ते म्हणाले.

"नाही, म्हणजे कशापासून केलंय? मागे काही लिहिलेलं दिसत नाही."

"पुढे 'नैसर्गिक' लिहिलंय ना? मग मागे कशाला बघताय?"

यावर पुण्यात तरी पुढे बोलायची पद्धत नाही. मी बाटली जागेवर ठेवली. तिच्या शेजारीच दुसरी होती, तिच्यावर 'नव्या कोऱ्या गाडीचा वास' असं इंग्रजीत छापलेलं. मला एकदम मोठ्यानं हसू फुटलं. जो वास घालवण्यासाठी आमच्या घरानं एक अख्खा उन्हाळा खर्च केला होता, तोच आता बाटलीत भरून विकायला आला होता!

त्या उन्हाळ्यात हिंजवडीला उसाच्या फडांशेजारी काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्यांतल्या एकीत मी नोकरीला होते. घर खडकीला, बाबांच्या क्वार्टरमध्ये. बाबा दारूगोळा कारखान्यात. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. पाडव्याच्या मुहूर्तावर मी गाडी घेतली. छोटी, पांढरी, पाच दारांची. आमच्या सात पिढ्यांतली पहिली मोटार. आईनं तिला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि क्वार्टर्समधली निम्मी वस्ती तिच्याभोवती जमली. बाबा बाजूला उभे राहून, हात न लावता बघण्याची सूचना देत होते.

बाबांचं एक तत्त्व होतं. नवी वस्तू ज्या वेष्टनात आली त्यातच ती राहिली पाहिजे. टीव्हीचा रिमोट त्याच्या पिशवीतून कधी बाहेर आला नाही. आम्ही बटणं पिशवीवरूनच दाबायचो. मिक्सरवरचा चकचकीत कागद मिक्सर जळाला तेव्हाही जागच्या जागी होता. "वस्तू नवी राहते," बाबा म्हणायचे. नवी ठेवायची कुणासाठी, असं मी विचारलं की आई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, "दुकानदारासाठी. परत मागायला आला तर?"

आता या सगळ्यात मूळ मुद्दा असा की आईला गाडी लागायची.

हे मराठी माणसाला अर्ध्या वाक्यात कळतं. बाकी जगाला समजावून सांगावं लागतं. माझ्याबरोबर काम करणारा कानपूरचा अंकित माझं गाडीबद्दल अभिनंदन करायला आला, तेव्हा मी माझ्या झोकदार पुणेरी हिंदीत म्हटलं, "गाडी तो ली है, लेकिन मम्मी को गाडी लगती है." त्याचा चेहरा पडला. "लगी? कब? कहाँ लगी?" मी म्हटलं, "हमेशा लगती है. बचपन से. घाट में तो बहुत लगती है." तो बिचारा खुर्चीत बसला. घाटात माझ्या आईला लहानपणापासून वारंवार मोटारी येऊन धडकतात आणि तरी ती जिवंत आहे, हे पचवायला त्याला थोडा वेळ लागला. शेवटी मी पोट धरून ओकण्याचा अभिनय करून दाखवला तेव्हा कुठं त्याला उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीसाठी भेट आणली. डॅशबोर्डवर चिकटवायची, मुकुटाच्या आकाराची बाटली, आत पिवळंधमक पाणी, लिंबाच्या वासाचं. "आंटी को अच्छा लगेगा," तो म्हणाला.

आईच्या या 'लागण्या'चा इतिहास मोठा होता. स्वारगेटला एसटीत पाऊल ठेवलं की तिचा रंग उतरायचा. पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं, लिंबू हुंगून झालं, आलेपाक, गोळ्या, खिडकीजवळची जागा, सगळं झालं. तिचं माहेर सासवडच्या पुढं एका वाडीत, मध्ये दिवे घाट. लग्नानंतर सुरुवातीला ती बाबांच्या स्कूटरवर मागं बसून घाट चढायची आणि तिला काहीही व्हायचं नाही. पुढं बाबांच्या पाठीनं संप पुकारला, आईचे गुडघे त्यात सामील झाले, आणि माहेर बंद पडलं. मग माहेरच आमच्याकडं यायला लागलं. आईची थोरली बहीण, आक्का मावशी, दर चैत्रात अंजिरांची पाटी घेऊन यायची. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून जे काही उरलं होतं, ते म्हणजे आक्का. ती आली की दोघी मोरीपासून गच्चीपर्यंत घरभर बोलत हिंडायच्या. मोठ्यानं हसायच्या. बाबा शांतपणे स्कूटर पुसायला खाली जायचे.

त्या वर्षी आक्का यायची नव्हती. पाडव्याच्या आधी ती बागेत बांधावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. कमरेपर्यंत प्लास्टर, बाजेवर मुक्काम. तिचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते, आणि आक्काला फोनवर बोलायला खरं तर फोनची गरज नसायची, इतका तिचा आवाज खणखणीत.

"सुमे, अंजिरं पिकल्यात. माझा पाय हाय टांगलेला. आता तू यायचंस."

"अगं आक्का, घाट..."

"घाट तितंच हाय, मला ठावं हाय. पोरीनं मोटार घेतली ना? आता येतीस, का माझ्या दहाव्यालाच यायचीस?"

आक्का हे हसत हसत म्हणाली होती, पण आईनं फोन ठेवला आणि ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग मला म्हणाली, "ती तिकडं पडून आहे आणि मी इथं पंख्याखाली बसून विचारते, बरी आहेस ना. ही काय बहीण झाली?" आईच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी मी ठरवलं की आईला घाट चढवायचाच.

पहिल्या रविवारी निघालो. मी चाकावर, बाबा शेजारी सूचना द्यायला, आई मागं. काचा बंद, एसी चालू. हा खास समारंभ होता, कारण एसी तोवर आईबाबांनी फक्त बँकेत खाल्ला होता. डॅशबोर्डवर अंकितचा मुकुट उन्हात तापत होता आणि गाडीभर लिंबू दरवळत होतं. म्हणजे खऱ्या लिंबाशी त्याचं नातं लांबचंच. लिंबाचा वास नाकात शिरतो आणि निघून जातो, हा घशात येऊन बसला. स्वारगेट गेलं, हडपसर गेलं. आरशात मला आई दिसत होती. आधी तिचं बोलणं थांबलं. मग तिनं डोळे मिटले. वडकीला, जिथून घाट समोर उभा दिसायला लागतो, तिथं ती म्हणाली, "थांबव."

रस्त्याकडेच्या बाभळीखाली मी तिची पाठ चोळत उभी राहिले. वर घाटाच्या वळणांवर ट्रक मुंगीच्या पावलानं चढत होते. आईनं चूळ भरली, त्या वळणांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मागं फिरव." बाबा गाडीच्या आतल्या बाजूची तपासणी करून आले. "आत काही सांडलेलं नाही," असं त्यांनी समाधानानं सांगितलं. त्यावर आईनं ज्या नजरेनं त्यांच्याकडं पाहिलं, त्या नजरेमुळे ते खडकीपर्यंत काही बोलले नाहीत.

मला आता वाटतं, आमच्या पिढीला नाकावरचा तो हल्ला कळलाच नाही. त्याआधी घरात सुवास सणावारी यायचा. दिवाळीला उटणं, गुरुवारी उदबत्ती, उन्हाळ्यात आईच्या अंबाड्यावर मोगरा आणि माठात वाळ्याची जुडी. बाकी दिवशी घराला घराचा वास यायचा. मग बाजार उघडला आणि बघता बघता प्रत्येक वस्तूला दुसऱ्याच कुठल्या वस्तूचा वास यायला लागला. फरशीला लिंबाचा, साबणाला सफरचंदाचा, संडासाला गुलाबाचा. आम्ही खूश होतो. बाहेरच्या देशांत असंच असतं म्हणे. भांड्याच्या साबणात लिंबू मुबलक आणि सरबतात मात्र दोन थेंब, असे ते दिवस.

तरी आपली भाषा शहाणी. मराठीत कुणी नुसतं "वास येतोय" म्हटलं की माणूस आधी स्वतःचे मोजे तपासतो. चांगला असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं, 'सु' लावावा लागतो. नुसता वास म्हणजे तक्रारच. आईच्या बोलण्यात हा फरक काटेकोर होता आणि ती पहिल्यापासून 'वास' म्हणत होती. आम्ही मात्र तिला सुवासावर सुवास आणून देत होतो.

अंकितला मी लिंबाचा निकाल सांगितला. तो ओशाळला, मग उसळून म्हणाला, "अरे, केमिकल था वो! नॅचरल चाहिये." आणि त्याच्या आजोळाहून आलेली खसच्या अत्तराची कुपी घेऊन आला. खस म्हणजे आपला वाळाच. मी हुरळले. बाबांनी देवघरातला कापूर पुरचुंडीत बांधून आरशाला लटकवला, कारण कापूर शुद्ध आणि त्यात काही भेसळ नाही असं दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी संत्र्याची वाळवलेली सालं दिली. मी अत्तराचा बोळा एसीच्या जाळीत खोचला. आता आमच्या गाडीत एकही कृत्रिम गोष्ट नव्हती, सगळं झाडापासून आलेलं. आई दारात उभी राहून म्हणाली, "हे काय, प्रेत न्यायचंय का?"

दुसऱ्या रविवारी आम्ही हडपसरच्या पुढं गेलोच नाही. वाळा, कापूर आणि संत्रं यांनी बंद काचांच्या आत एकमेकांचे हात धरले आणि आईवर चाल केली. माझं स्वतःचं डोकं ठणकायला लागलं. त्या दिवशी मला जे कळलं ते आजही मी लोकांना सांगते. झाडापासून आलं म्हणजे निरुपद्रवी, असं काही नसतं. शेतात मोकळ्यावर गोड वाटणारा वास तापलेल्या डबीत कोंडला की तोही डोक्यात जातो. नाक जेवढं एका वेळी घेऊ शकतं, तेवढंच आपण त्याला द्यावं. वरणात हिंग पडतो, हिंगात वरण पडत नाही.

घरी आल्यावर आई आडवी पडली आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मला आता त्या गाडीत बसवू नका. आक्काला सांगा, मी नाही येऊ शकत." बाबा दारात उभे होते. त्यांनी जाऊन चहा केला. बाबांनी चहा केल्याची ही आमच्या घरातली एकमेव नोंद असावी. त्यात साखर नव्हती. आईनं तो निमूटपणे प्यायला, यावरून ती किती खचली होती ते मला कळलं.

आक्काचा फोन त्या आठवड्यात दोनदा आला. दुसऱ्यांदा तिचा आवाज तितका खणखणीत नव्हता. "अंजीर थांबत न्हाय गं," ती म्हणाली, "आज पिकलं तर आजच खायाचं. राहू दे. तू जिवाला नगं लावून घेऊस." आक्कानं चिडवणं सोडलं, याचाच आईनं धसका घेतला.

त्याच संध्याकाळी मी ऑफिसच्या बसनं घरी आले तर आई गाडीत बसलेली. मागच्या सीटवर, एकटी, दारं लावून. कापूर, सालं, अत्तराचा बोळा, कुपी सगळं तिनं बाहेर काढून कट्ट्यावर ओळीनं मांडलं होतं. मी घाबरून दार उघडलं.

"श्श. बोलू नकोस," ती म्हणाली. "हं. अजून आहे."

"काय आहे?"

"वास. सगळं काढलं तरी आहे. बस इथं. घे श्वास."

मी बसले. बाबाही आले आणि पुढच्या सीटवरून हुंगायला लागले. क्वार्टर्समधल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना एक प्रतिष्ठित कुटुंब बंद मोटारीत बसून चारी दिशांना नाकं फिरवताना दिसत होतं. आई वाकली आणि तिनं सरळ सीटलाच नाक लावलं. मग मान वर करून, एखादा चोर पकडल्यासारखी शांतपणे म्हणाली, "हे."

सीटवरचं प्लास्टिक! शोरूममधून गाडी आली ती सीटांना घातलेल्या प्लास्टिकसकट. तिथल्या माणसानं "काढू का?" असं विचारलं होतं आणि बाबांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं होतं की तो दोन पावलं मागं सरला. इतके दिवस आमची गाडी चैत्राच्या उन्हात तापत होती, प्लास्टिक शिजत होतं, आणि त्याच्या वाफेवर आम्ही लिंबू, कापूर आणि अत्तर पेरत होतो.

"प्लास्टिकला कसला वास?" बाबा म्हणाले. "तो नव्या गाडीचा वास आहे. लोकांना आवडतो. आणि वास येतो म्हणून तर सुवासिक काहीतरी ठेवायचं असतं."

आई गाडीतून उतरली. पदर खोचला. "अहो, मला एक सांगा. तुमच्या कारखान्यात कुठं वास आला, तर तुम्ही काय करता? अत्तर शिंपडता?"

बत्तीस वर्षं ज्या माणसानं जरासा वेगळा वास आला की काम थांबवून आधी तो कुठून येतो ते शोधलं, जेवताना आमटी करपली तरी जो आधी गॅस बंद करायला धावायचा, तो माणूस एका पांढऱ्या मोटारीपुढं हे सगळं विसरला होता. ते गाडीतून उतरले. मग घरात गेले. मला वाटलं, रागावले. पण ते कात्री घेऊन आले.

मी बाबांना कुठलीही नवी वस्तू उघडी करताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पहिली शिवण कापली तेव्हा त्यांचा हात थांबला. आईकडं बघत म्हणाले, "डाग पडतील हं." आई म्हणाली, "पडू देत." मग त्यांनी एकेका सीटचं प्लास्टिक सोलून काढलं. दारांच्या कडांमधले, पट्ट्यांखालचे तुकडेसुद्धा चिमट्यानं ओढून काढले. त्यांना घाम फुटला होता. त्या क्षणी मला बाबांबद्दल इतकं प्रेम वाटलं की मी कात्री धरायचं निमित्त करून त्यांच्याजवळ उभी राहिले. अर्थात सगळं काढून झाल्यावर त्यांनी प्लास्टिकची व्यवस्थित घडी घातली आणि ते माळ्यावर ठेवलं. पावसाळ्यात उपयोगी पडेल म्हणाले.

त्यानंतरचे काही दिवस गाडी झाडाखाली दारं उघडून उभी होती. बाबा कारखान्यातून आले की शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत राखण करायचे. पायपुसण्या धुऊन कट्ट्यावर वाळत घातल्या. गाडी हवा खात होती. हळूहळू तिचा वास विरत गेला, आणि एके सकाळी आईनं आत डोकं घालून, बराच वेळ हुंगून जाहीर केलं, "आता कशाचाच नाही." तिच्या तोंडून इतकी मोठी प्रशस्ती मी माझ्या स्वयंपाकाबद्दलही कधी ऐकली नाही.

आज लोक मला विचारतात, गाडीत काय ठेवतेस? फारसं काही नाही. सांडलेलं लगेच पुसते, ओली छत्री आत विसरत नाही, एसीचा फिल्टर बदलून घेते. उन्हाळ्यात फार वाटलं तर सुती पिशवीत वाळ्याची मुळं, तीही मूठभरच. वास गेला की ती कुंडीत टाकते, मातीची माती होते. बाटली कचऱ्यात जाऊन पुढं कुणाच्या तरी दारात साठते, त्यापेक्षा हे बरं. आई माझ्या पुढं गेली आहे. ती भाड्याच्या टॅक्सीत बसली की आधी म्हणते, "दादा, ती बाटली जरा डिकीत ठेवता का? मला गाडी लागते." बहुतेक ड्रायव्हर ठेवतात. एक तर म्हणाला, "बरं झालं काकू. माझंच दिवसभर डोकं धरायचं."

पण मी तिसऱ्या रविवारचं सांगत होते. आई पुढं बसली, बाबा पहिल्यांदाच मागं. चारही काचा खाली. एसी बंद. सकाळची हवा केसांतून खेळत होती आणि आई स्कूटरवर बसल्यासारखी पदर कानामागं दाबून धरत होती. हडपसरला भाजीचा वास आला, कोथिंबिरीचा. पुढं कचऱ्याचा डेपो लागला. त्या रस्त्यानं गेलेल्यांना सांगायला नको. मी घाईघाईनं काच वर घ्यायला लागले.

"उघडी राहू दे," आई म्हणाली.

"अगं आई, हा वास!"

"असू दे. हा निदान खोटं बोलत नाही. कचरा आहे, कचऱ्याचा येतो. आत्ता जाईल."

आणि खरंच गेला. वडकी आली, बाभळ आली, तीही गेली. मी घाट चढायला लागले. मागं बाबांनी श्वास रोखलेला मला ऐकू येत होता. एक वळण, दुसरं, ट्रकच्या मागं खोळंबा, मग तिसरं. घाटमाथ्यावर पोचलो तोच आई म्हणाली, "थांबव." मी गाडी कडेला घेतली. आई उतरली, कठड्यापाशी गेली आणि कमरेवर हात ठेवून खाली बघत म्हणाली, "तळं केवढं आटलंय गं." मग परत येऊन बसली. "चल. का थांबलीस?"

आक्काची बाज अंगणात चिंचेखाली घातली होती. गाडी आत शिरली तेव्हा ती कोपरावर उठायला बघत होती. आई उतरली आणि बाजेच्या कडेवर जाऊन बसली. "पाव्हणं," आक्का बाबांना म्हणाली, "आणलीत की ओ! आता मला बी बसवा ह्या मोटारीत. बघू तरी कशानं लागती ती."

नको नको म्हणेपर्यंत तिच्या सुनेनं आणि मी तिला प्लास्टरसकट उचलून मागच्या सीटवर टेकवली, पाय दाराबाहेर स्टुलावर. शेजारी आई. चारही दारं उघडी. मध्ये अंजिरांची पाटी. दोघी जणी त्या उभ्या गाडीत दुपार कलेपर्यंत बसून राहिल्या. कधी हसू ऐकू यायचं, कधी भांडण. अंजिराचा चीक, रस, बिया सगळं उघड्या कापडावर सांडत होतं. बाबा एकदा जवळ गेले, तो जांभळा डाग त्यांना दिसला. रुमालासाठी खिशाकडं गेलेला हात त्यांनी परत खाली घेतला आणि सुनेला म्हणाले, "त्यांना आणखी द्या की."

उन्हं उतरायला लागली. मी निघायचं सांगायला गाडीपाशी गेले. आत आक्का म्हणत होती, "लांब सरक गं जरा. तुला वास सोसत न्हाय. माझ्या अंगाला पाणी लागून किती दिस झालं, ह्यो प्लास्टर, घाम, अवशिद. तुला मळमळंल."

आई सरकली नाही. तिनं आक्काच्या खांद्याला नाक लावलं, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"आक्का," ती म्हणाली, "तुझ्या अंगाला आईचा वास येतोय गं."

आक्कानं आईचं डोकं हातानं खांद्यावर दाबून धरलं, आणि माझ्याकडं न बघताच मला म्हणाली, "तू जा तिकडं. आमी न्हाय निघत अजून."